कार्बन प्लेटचे बूट आपल्या पायाला खरोखर वेग देतात का, हे तपासायचे कसे?

मेहरूणची पहाट, जळगाव

नमस्कार मंडळी. गेल्या काही हिवाळ्यांपासून जळगाव, भुसावळ, धुळे अशा आपल्या भागातल्या शर्यतींत सुरुवातीच्या रेषेजवळ उभे राहिले, की पुढच्या रांगांत जाड तळाचे, आत कार्बनची ताठ पट्टी असलेले कार्बन प्लेटचे बूटच जास्त दिसतात. पूर्वी ते बक्षिसासाठी धावणाऱ्यांच्याच पायांत असत. आता अर्धमॅरेथॉन दोन तासांत पुरी करणारेही ते घेऊ लागले आहेत. नामांकित कंपन्यांच्या जोडीला वीस हजारांच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त मोजावे लागतात.

माझी अर्धमॅरेथॉन १ तास ४५ मिनिटांची आहे, म्हणजे किलोमीटरला साधारण ५ मिनिटे. येत्या मोसमात १ तास ४० मिनिटांच्या आत यायचे आहे. गटातले मित्र सांगतात, की हे बूट घातले की पाच मिनिटे आपोआप कमी होतात. मला ते पटत नाही, पण न तपासता नाकारणेही बरोबर वाटत नाही. जाहिरातीतला टक्का दुसऱ्याच्या पायावर मोजलेला असतो. माझ्या पायाला, माझ्या वेगाला आणि आपल्या रस्त्यांना तो कितपत लागू पडतो, हे पैसे मोजण्याआधी कसे तपासावे? ज्यांनी वापरले आहेत त्यांनी आपला वेग, अंतर आणि बूट जुना होत गेला तसा पडलेला फरक कृपया सविस्तर लिहावा.

तापीकाठ, भुसावळ

भाऊ, प्रश्न नेमका विचारलात. माझी अर्धमॅरेथॉन १ तास २४ मिनिटांची आहे आणि शर्यतीला मी कार्बन प्लेटचेच बूट घालतो. किलोमीटरला ४ मिनिटांच्या वेगाने धावताना पाऊल पडल्यावर तळ खोल दबतो आणि उचलताना पुढे ढकलल्यासारखे होते. तरी मला खरा फायदा जाणवतो तो शेवटच्या पाच-सहा किलोमीटरमध्ये. पूर्वी तिथे पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या, आता पावलांची लय टिकते. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागत नाही, हाही फरक मोठा आहे.

मात्र याच बुटांनी सावकाश धावायला गेलो, तर टाच डावी-उजवीकडे डुलते आणि गुडघ्याला अस्वस्थ वाटते. वॉर्मअप मी साध्या बुटांत करतो आणि रेषेवर जाण्यापूर्वी बूट बदलतो.

नाना, अमळनेर

मी या बुटांच्या विरोधात आहे, आणि कारण देऊन आहे. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत मॅरेथॉन जिंकला. आपल्या शिवनाथ सिंगांनी १९७८ मध्ये जालंधरला २ तास १२ मिनिटांची वेळ दिली, तेव्हा असा जाड फोमचा तळ कुणी पाहिलाही नव्हता. आठवड्याला २५ किलोमीटर धावणारा माणूस ४० किलोमीटर धावू लागला, तर त्याची वेळ पाच मिनिटांनी सहज उतरते आणि त्यासाठी दमडी लागत नाही. मूळ प्रश्नकर्त्याने आपले आठवड्याचे अंतर किती, हे लिहिलेले नाही. ते आधी लिहावे.

मेहरूणची पहाट, जळगाव

नाना, आठवड्याला ४५ ते ५० किलोमीटर होतात. त्यात एक दिवस इंटरव्हल, म्हणजे थोडे अंतर जोरात आणि मध्ये विश्रांती असे फेरे, आणि रविवारी लाँग रन. सराव वाढवायचा आहेच. तरी बूट तपासण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण शर्यतीच्या दिवशी पायांत काहीतरी घालावेच लागणार आहे.

पॉलिमरवाला, जळगाव

मी औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या धंद्यात आहे, त्यामुळे या विषयाची मला दुहेरी ओढ आहे. सगळे जण प्लेट, प्लेट म्हणतात. माझ्या मते बोलायला हवे ते फोमबद्दल.

साध्या बुटाच्या तळाला बहुधा ईव्हीए नावाचा फोम असतो. २०१७ मध्ये नायकेने व्हेपरफ्लाय हा कार्बन प्लेटचा बूट बाजारात आणला, त्यात पेबा या जातीचा, म्हणजे पॉलिइथर ब्लॉक अमाइडचा फोम वापरला होता. हा फोम वजनाला अतिशय हलका असतो आणि दाबल्यावर घेतलेली बहुतेक ऊर्जा परत देतो. कोलोराडो विद्यापीठात वाउटर हूगकामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बूट यंत्रात दाबून मोजला, तेव्हा सुमारे ८७ टक्के ऊर्जा परत आली. तुलनेला घेतलेल्या आदिदासच्या शर्यतीच्या बुटात ती ७६ टक्क्यांच्या आणि नायकेच्याच जुन्या पातळ बुटात ६५ टक्क्यांच्या आसपास होती. फोम इतका हलका असल्यामुळेच तळ जाड करूनही बूट जड होत नाही. मग एवढ्या मऊ आणि उंच तळाला आकार देणारे, पंजाकडे तो कोसळू न देणारे काहीतरी आत हवे, आणि ते काम चमच्यासारखी वाकवलेली कार्बनची ताठ पट्टी करते.

त्याच हूगकामर यांनी पुढे लॉरा हीली यांच्यासोबत एक सुंदर प्रयोग केला. व्हेपरफ्लायच्या आतली प्लेट त्यांनी आडवे छेद देऊन कापली, त्यामुळे बुटाचा ताठपणा गेला, पण धावण्याला लागणारी ऊर्जा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच वाढली. म्हणजे नुसत्या प्लेटचा वाटा लोक समजतात तेवढा मोठा नाही. म्हणून दुकानात "आत कार्बन आहे ना?" एवढेच विचारून थांबू नये, फोम कोणत्या जातीचा आहे, हेही विचारावे. स्वस्त फोममध्ये कार्बनची पट्टी घालून विकलेला बूट ताठ लागेल, पण उसळी देईलच असे नाही.

लळिंगची वाट, धुळे

पॉलिमरवाला यांचा प्रतिसाद आवडला. एक शंका आहे. आपल्याकडे मार्च उजाडला की सकाळी आठला रस्ता तापतो. उन्हाने या फोमचे काय होते?

पॉलिमरवाला, जळगाव

ईव्हीए थंडीत कडक होतो आणि उष्णतेत मऊ पडतो. पेबावर तापमानाचा परिणाम त्या मानाने कमी होतो. तरी मे महिन्यात बंद मोटारीच्या डिकीत बूट ठेवू नयेत. फोमपेक्षा मला थरांना जोडणाऱ्या चिकटद्रव्याची काळजी जास्त वाटते. धावून आल्यावर बूट उन्हात न वाळवता आतले इनसोल काढून सावलीत, पंख्याच्या वाऱ्याला ठेवावा.

फिजिओताई, धुळे

माझ्याकडे येणाऱ्या धावकांमुळे या प्रश्नाची दुसरी बाजू मला रोज दिसते. ताठ प्लेटमुळे पंजाचे सांधे कमी वाकतात आणि घोट्याभोवतीचा भार वाटून घेण्याची पद्धत बदलते. ज्याची पोटरी आणि तळपायाचे लहान स्नायू तयार आहेत, त्याला त्याचा त्रास होत नाही. पण काल साधा बूट आणि आज एकदम ४० मिलिमीटरचा तळ अशी उडी मारून पहिल्याच दिवशी २० किलोमीटर धावणाऱ्यांच्या तळपायाच्या मधल्या भागात किंवा पोटरीत दुखणे सुरू होते. २०२३ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अशा बुटांत धावणाऱ्या पाच खेळाडूंना पायाच्या कमानीतल्या नॅव्हिक्युलर नावाच्या हाडाला ताणाची इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. पाच जणांवरून बूट वाईट ठरत नाही, पण हे हाड रक्तपुरवठा कमी असल्यामुळे हळू भरून येते, म्हणून मी सावध करते.

तपासणीची एक सोपी पायरी सांगते. बूट घालून एका पायावर अर्धे मिनिट उभे राहावे, नंतर त्याच पायावर सावकाश गुडघा वाकवावा. गुडघा सारखा आत पडत असेल आणि घोटा थरथरत असेल, तर आधी दोन महिने पोटरीचे आणि नितंबाचे व्यायाम करावेत. वेगाचा हिशेब त्यानंतर.

सातपुड्याचा पायथा, शहादा

मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुले सकाळी माझ्यासोबत मैदानावर असतात. हा धागा त्यांच्यापैकी अनेक जण वाचतात, म्हणून लिहितो. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते, आणि ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत आले तर २० पैकी २० गुण मिळतात. गेल्या वर्षापासून मुलांमध्ये असा समज पसरला आहे, की कार्बनचे बूट घेतल्याशिवाय पूर्ण गुण मिळणारच नाहीत. कापसाचे पैसे हातात आले की वडिलांकडे पहिला हट्ट बुटांचा होतो, आणि काही घरांत त्यासाठी उसनवारी झालेली मी पाहिली आहे. याने माझा जीव तुटतो. ५ मिनिटे ४० सेकंदांवर असलेला मुलगा ५ मिनिटे १० सेकंदांवर येतो तो इंटरव्हलने, पुरेशा झोपेने आणि पोटभर जेवणाने. तीस सेकंद देणारा बूट जगात नाही.

भरतीवाला, साक्री

सर, तुमच्याबद्दल आदर ठेवून असहमत आहे. माझी वेळ ५ मिनिटे १३ सेकंद आहे. सराव वर्षभर पूर्ण निष्ठेने केला आहे आणि वेळ तिथेच अडकली आहे. मला तीस सेकंद नकोत, तीन हवेत. ३१३ सेकंदांचा एक टक्का म्हणजे तीन सेकंदच. भरतीत एका गुणाने यादीतून नाव जाते, हे तुम्हीही जाणता. माझा वेग ताशी १८ किलोमीटरच्या वर आहे आणि ज्या वेगांवर या बुटांची पहिली चाचणी झाली त्यांत १८ चा वेग होता, असे मी वाचले आहे. मग अर्धमॅरेथॉन दोन तासांत धावणाऱ्यापेक्षा मला त्याची गरज जास्त नाही का?

सातपुड्याचा पायथा, शहादा

तुझा मुद्दा रास्त आहे. तरी दोन गोष्टी ध्यानात घे. ती चाचणी ट्रेडमिलवर झाली होती. भरतीची धाव अनेक ठिकाणी मातीच्या मैदानावर, वळणे घेत होते. त्या बुटांचा तळ डांबरासाठी केलेला असतो. भुसभुशीत मातीवर तो घसरतो आणि उंच टाच वळणावर कलंडते. भरतीच्या त्या वेळच्या सूचनांत बुटांबद्दल काय लिहिले आहे, तेही नीट वाच. एवढे करूनही घ्यावेसे वाटले, तर विकत घेण्याआधी कुणाचे तरी मागून, ज्या प्रकारच्या मैदानावर धाव होणार आहे त्याच मैदानावर ते तपास. रविवारी साक्रीहून शहाद्याला येऊ शकलास तर घड्याळ धरून मी स्वतः उभा राहीन.

भरतीवाला, साक्री

येतो सर. नऊ नंबरचे कुणाकडे असतील तर कळवावे.

तापीकाठ, भुसावळ

माझे नऊचेच आहेत. शनिवारी एसटीने पाठवतो.

पाटणादेवी, चाळीसगाव

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि धावतोही. मूळ प्रश्न तपासायचे कसे हा आहे, त्यावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण आतापर्यंत प्रत्येकाने बूट कसा वाटतो ते सांगितले, तो किती देतो ते मोजायची रीत कुणी सांगितलेली नाही.

आधी अपेक्षा किती ठेवावी ते ठरवू. जाहिरातीतला चार टक्क्यांचा आकडा कोलोराडोच्या २०१७ च्या त्या चाचणीतून आला. त्यात १८ वेगवान धावक होते, वेग ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटर होता, आणि चार टक्के बचत झाली ती ऊर्जेची. ऊर्जेची बचत तितक्याच प्रमाणात वेगात उतरत नाही, कारण वेग वाढला की हवेचा विरोधही वाढतो. त्यामुळे जोरात धावणाऱ्याला चार टक्के बचतीतून वेगात त्याहून कमी मिळते. पुढे डस्टिन जूबर्ट या संशोधकांनी सावकाश वेगांवर चाचणी घेतली, तेव्हा ताशी १२ किलोमीटरला सरासरी बचत दीड टक्क्याच्या जवळ आणि १० किलोमीटरला एक टक्क्याच्या आत आली. शिवाय माणसामाणसांत फरक मोठा होता. काहींना तर तोटाच झाला. आपल्या प्रश्नकर्त्याचा वेग ताशी १२ किलोमीटर आहे. १ तास ४५ मिनिटांचे ६३०० सेकंद होतात आणि त्याचा दीड टक्का ९५ सेकंद. सरासरीइतका लाभ झाला तर दीड मिनिटाची आशा धरावी. पाच मिनिटांची गोष्ट हिशेबात बसत नाही.

म्हणजे आपल्याला किलोमीटरमागे चार-साडेचार सेकंदांचा फरक पकडायचा आहे, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. मनगटावरच्या घड्याळाचे जीपीएस झाडांखाली आणि वळणांवर एक टक्क्याने सहज चुकते, म्हणजे जेवढे मोजायचे आहे जवळपास तेवढीच मोजपट्टीची चूक. म्हणून अंतर रस्त्यावर कायमचे आखून घ्यावे. सायकलच्या पुढच्या टायरवर व्हॉल्व्हजवळ खडूची खूण करावी, चाकाचा घेर धाग्याने मोजावा आणि फेरे मोजत सपाट रस्त्यावर एक किलोमीटर आखावा. अधिकृत शर्यतींचे मार्गही सायकलला मोजयंत्र लावूनच मोजतात. सुरुवातीला आणि शेवटी रंगाचा ठिपका मारला, की ती मोजपट्टी वर्षभर कामाला येते.

धाव एक किलोमीटर जाऊन परत येण्याची, म्हणजे दोन किलोमीटरची असावी, त्यामुळे वारा आणि सूक्ष्म चढ दोन्ही दिशांना वाटले जातात. हृदयाचे ठोके स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटे जातात, म्हणून याहून छोट्या धावेतून काही कळत नाही. क्रम जुना, नवा, नवा, जुना असा ठेवावा. दुसऱ्या दिवशी तो उलटा करावा, म्हणजे नवा, जुना, जुना, नवा. हे असे का? सकाळ जसजशी चढते तसतसे ऊन वाढते, शरीर थकते आणि त्याच वेगाला ठोके वाढतात. एकच बूट नेहमी आधी घातला, तर हा सगळा फायदा त्याच्या पदरात पडतो. दोन धावांमध्ये ठोके ११०-१२० वर येईपर्यंत चालावे, आणि बूट बदलायला दर वेळी सारखाच वेळ घ्यावा.

वेग डोळ्यांनी पाहू नये. ठोके ठरावीक मर्यादेत ठेवून धावावे आणि वेळ मित्राने टिपावी. सगळ्या धावा संपेपर्यंत त्याने ती सांगू नये. नवा बूट घातला की मन आपोआप जोर लावते, आणि पायांत काय आहे हे कुणापासून लपवता येत नाही, म्हणून निदान आकडे तरी लपवावेत.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तुलनेचा जुना बूट कोणता घेता, यावर उत्तर फिरते. बुटाचे वजन पायामागे १०० ग्रॅमने वाढले, तर ऊर्जा साधारण एक टक्का जास्त लागते. झिजलेला ३०० ग्रॅमचा सरावाचा बूट एकीकडे आणि २०० ग्रॅमचा नवा दुसरीकडे अशी तुलना केली, तर जिंकते ते हलकेपण. ते निम्म्याहून कमी किमतीच्या, प्लेट नसलेल्या हलक्या बुटातही मिळते. त्याच्याशी तुलना करा.

अनेरकाठ, शिरपूर

वाचनखूण साठवली. सायकलची युक्ती फारच आवडली.

नाना, अमळनेर

पाटणादेवी यांच्या प्रतिसादाने माझे निम्मे मत बदलले. मोजून घेणार असाल, तर माझा आक्षेप नाही. मात्र किंमत किलोमीटरवर काढा. वीस हजारांचा बूट ३०० किलोमीटर चांगला राहिला असे धरले, तरी किलोमीटरला ६६ रुपये पडतात. सहा हजारांचा साधा बूट ७०० किलोमीटर चालला तर नऊ रुपयेही पडत नाहीत.

तापीकाठ, भुसावळ

नाना, म्हणूनच सरावाला तो वापरू नये. शर्यत आणि तिच्याआधीचे एक-दोन वेगवान सराव, एवढेच त्याचे काम. असे केले तर बूट काही मोसम पुरतो.

झीज कशी ओळखावी तेही सांगतो. माझ्या जोडीच्या डाव्या बुटाला बाहेरच्या कडेने फोमवर बारीक आडव्या सुरकुत्या पडल्या आहेत. ताज्या फोममध्ये त्या दाब काढताच मिटतात, आता मिटत नाहीत. सपाट फरशीवर दोन्ही बूट ठेवून मागून पाहिले, तर डावा किंचित बाहेर झुकलेला दिसतो. रबराची नक्षी जवळपास शाबूत आहे, पण आतला फोम थकला आहे. नुसता तळ पाहून जुना बूट विकत घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तळाच्या मध्यभागी जी खोल खाच असते तिच्यात आपल्या महामार्गाच्या कडेची खडी हमखास अडकते. एकदा अर्ध्या शर्यतीत टकटक आवाज करत धावलो. पावसाळ्यात काळी माती त्या खाचेत बसली तर बूट जड होतो तो वेगळाच.

लळिंगची वाट, धुळे

चढ-उताराचे काय? आमच्याकडे लळिंगच्या घाटात सराव असतो.

पाटणादेवी, चाळीसगाव

चढावर आणि उतारावर बचत होते, पण सपाटीपेक्षा काहीशी कमी. जोरात उतार उतरताना मऊ टाचेवर तोल सांभाळावा लागतो, तिथे घाई करू नये.

फिजिओताई, धुळे

उतारावर तर मी हे बूट घालूच नका म्हणेन, विशेषतः एकदा घोटा मुरगळलेला असेल तर.

बोदवडकर, बोदवड

सर्वांना एक इशारा. मी समाजमाध्यमावरच्या एका विक्रेत्याकडून निम्म्या किमतीत नामांकित कंपनीचा कार्बनचा बूट मागवला. खोका, चिठ्ठ्या, रंग, सगळे हुबेहूब होते. वजन केले तर कंपनी सांगते त्याहून बरेच जास्त भरले आणि बूट हाताने सहज दुमडला गेला. खरा कार्बन प्लेटचा बूट दोन्ही हातांनी वाकवायला गेले तर पंजाच्या ठिकाणी अडतो. पैसे परत मिळाले नाहीत. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि दोन हात एवढ्यावर पहिली परीक्षा होते, ती पैसे देण्याआधी करावी. तशी परवानगी जो देत नाही, त्याच्याकडून घेऊच नये.

अनेरकाठ, शिरपूर

तळाच्या जाडीवर बंदी आहे असे ऐकले होते. आपल्या शर्यतीत कुणी बाद करेल का?

पॉलिमरवाला, जळगाव

जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने २०२० मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळाची जाडी जास्तीत जास्त ४० मिलिमीटर आणि आत एकच प्लेट असा नियम केला. ट्रॅकवरची मर्यादा १ नोव्हेंबर २०२४ पासून २० मिलिमीटर आहे. २०२१ च्या व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये इथिओपियाचा देरारा हुरिसा पहिला आला, पण त्याच्या बुटाचा तळ ५ सेंटीमीटरचा निघाल्यामुळे त्याचे विजेतेपद गेले. हौशी धावकांचे बूट सहसा कुणी मोजत नाही. पण वयोगटातल्या बक्षिसासाठी धावणाऱ्याने नियमात बसणाराच बूट घ्यावा, कारण दुसऱ्या क्रमांकावर येणाराही आपल्यासारखाच पहाटे चारला उठलेला असतो.

सातपुड्याचा पायथा, शहादा

रविवारच्या चाचणीचे कळवतो. तापीकाठ यांचे बूट वेळेवर आले, त्यांचे मनापासून आभार. पहिल्या भागात मुलगा मातीच्या मैदानावर धावला. तिथे कार्बनच्या बुटांनी वेळ सुधारली नाही, उलट वळणावर त्याचा पाय दोनदा घसरला. दुसऱ्या भागात डांबरी रस्त्यावर धावला, तिथे किलोमीटरला तीन सेकंदांच्या आसपास फरक दिसला. भरतीची धाव कशावर होणार, यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे.

भरतीवाला, साक्री

सरांनी लिहिले ते खरे आहे. माझ्या जिल्ह्यात धाव मातीच्या मैदानावर होते, त्यामुळे मी बूट घेणार नाही. त्याऐवजी सरांनी २०० आणि ४०० मीटरच्या इंटरव्हलचा नवा तक्ता दिला आहे, त्यावर चालतो. बूट पाठवणाऱ्या दादांचे ऋण मोठे आहे.

मेहरूणची पहाट, जळगाव

मंडळी, इतके मनापासून लिहिलेत, तर माझीही मोजणी मांडतो. गटातल्या मित्राचे माझ्याच मापाचे, फारसे न वापरलेले बूट मिळाले. पाटणादेवी यांनी सांगितल्याप्रमाणे तलावाकाठच्या सपाट रस्त्यावर अंतर आखून घेतले, तुलनेला प्लेट नसलेला हलका बूट घेतला आणि वेळ पुतण्याने टिपली. किलोमीटरला ५ मिनिटे १५ सेकंदांच्या आसपासच्या वेगाला त्याच ठोक्यांवर दोन्ही बुटांत सांगण्यासारखा फरक आला नाही. कधी हा पुढे, कधी तो. ४ मिनिटे ४० सेकंदांच्या आसपास मात्र कार्बनचा बूट प्रत्येक वेळी पुढे राहिला, किलोमीटरला दोन ते चार सेकंदांनी. क्रम उलटा केल्यावरही निकाल तसाच आला, म्हणून माझा त्यावर विश्वास बसला.

१ तास ४० मिनिटांसाठी मला किलोमीटरला ४ मिनिटे ४४ सेकंदांचा वेग लागतो. आज मी तिथे नाही. म्हणून निर्णय असा, की या मोसमात हलक्या साध्या बुटातच १ तास ४२ मिनिटांपर्यंत यायचे, आणि तिथे पोहोचल्यावर याच आखलेल्या रस्त्यावर पुन्हा मोजून, फरक टिकला तरच बूट घ्यायचा. फिजिओताईंची एका पायावरची परीक्षा उजव्या पायाने दिली, डाव्याला अजून जमत नाही, तो व्यायाम कालपासून सुरू केला आहे.

फिजिओताई, धुळे

डाव्या पायासाठी पायरीच्या कडेवर पंजा ठेवून टाच सावकाश खाली सोडा आणि दोन्ही पायांनी वर या. वर येताना हळूहळू भार डाव्यावर वाढवत न्या. दुखले तर थांबा आणि इथे लिहा.

पाटणादेवी, चाळीसगाव

आकडे नीट मांडलेत. एक विनंती आहे. पुन्हा मोजाल तेव्हा त्या सकाळचे तापमानही टिपून ठेवा, कारण डिसेंबरमधले १२ अंश आणि फेब्रुवारीअखेरचे २० अंश यांची तुलना केली, तर बुटाचा फरक ठोक्यांच्या फरकात बुडून जाईल.

तापीकाठ, भुसावळ

माझे बूट शहाद्याहून परत आले आहेत. नऊ नंबर लागणाऱ्या कुणालाही तपासायला हवे असतील तर व्यक्तिगत निरोप पाठवावा. फक्त खडीच्या रस्त्यावर नेऊ नयेत.